टार्गेटवरचा बीम करंट जास्त दिसतो आणि सरकत राहतो: दुय्यम इलेक्ट्रॉनांचा माग कसा काढायचा

आयनांचा झोत (बीम) टार्गेटवर सोडून काम करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. आयन स्रोत स्थिर आहे, विश्लेषक चुंबक हललेला नाही, स्लिट तशाच आहेत, तरी टार्गेटवरचा करंट सकाळी एक आणि दुपारी दुसराच. नमुना बदलला की आकडा उडी मारतो. आयन रोपण केलेल्या (आत आयन रोवलेल्या) वेफरवर नंतर डोस, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला किती आयन रुतले ते, तपासला तर ठरवलेल्याच्या निम्माच भरतो. मग मीटर बदलला जातो, केबल बदलली जाते, कधी स्रोतही उघडला जातो. थोडे दिवस बरे जातात आणि तोच प्रकार पुन्हा सुरू होतो.

यात मीटर बहुधा निर्दोष असतो. तो आयन मोजत नाही, तारेतून वाहणारा विद्युतभार मोजतो. एकपट भाराचा धन आयन टार्गेटवर आदळला की एक एकक धन भार आत येतो. त्याच आघाताने पृष्ठभागातून एक इलेक्ट्रॉन निसटून चेंबरच्या भिंतीवर गेला, तर मीटरच्या दृष्टीने आणखी एक एकक धन भार आत आला. असे निसटणारे इलेक्ट्रॉन म्हणजेच दुय्यम इलेक्ट्रॉन. एका आयनामागे सरासरी किती इलेक्ट्रॉन सुटतात त्या संख्येला गॅमा म्हणतात. हिशोब असा होतो:

दिसणारा करंट = खरा आयन करंट × (१ + गॅमा ÷ आयनाचा भार)

गॅमा १ असेल तर एकपट भाराच्या आयनांसाठी मीटर बरोबर दुप्पट दाखवतो. वेफरमधला निम्मा डोस तिथून येतो.

माझं ठाम मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. गॅमा एखाद्या तक्त्यातून घ्यायचा आणि वरच्या सूत्राने करंट दुरुस्त करून मोकळं व्हायचं, हा उपाय टिकत नाही. निसटणारा इलेक्ट्रॉन परत कपात (बीमचा भार गोळा करणाऱ्या धातूच्या भांड्यात) आणणं हाच उपाय. कारण गॅमा हा त्या धातूचा स्थिरांक नाही. त्या तासाला पृष्ठभाग ज्या अवस्थेत आहे, त्या अवस्थेचा तो आकडा आहे.

गॅमा का हलतो

इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग आयनाच्या स्थितिज ऊर्जेचा. आयन धातूच्या अगदी जवळ आला की धातूतला एक इलेक्ट्रॉन त्याच्यात उडी घेऊन त्याला उदासीन करतो आणि उरलेली ऊर्जा दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते. ती पुरेशी असेल तर तो दुसरा बाहेर पडतो. अट एवढीच की आयनीकरण ऊर्जा धातूच्या कार्यफलनाच्या (धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणाऱ्या किमान ऊर्जेच्या) दुपटीहून जास्त हवी. आर्गॉनची आयनीकरण ऊर्जा १५.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट, टंगस्टनचं कार्यफलन सुमारे ४.५, म्हणजे दुप्पट ९. अट सहज पुरी होते. सिझियमची आयनीकरण ऊर्जा ३.९, त्याला हा मार्ग बंद. होमर हॅगस्ट्रम यांनी १९५० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत कसोशीने स्वच्छ केलेल्या टंगस्टनवर ही मोजमापं केली. हळू चालणाऱ्या हेलियम आयनांसाठी गॅमा सुमारे ०.२९ आणि आर्गॉनसाठी सुमारे ०.१ आला. हा मार्ग वेगावर फारसा अवलंबून नसतो. म्हणून "आमचा बीम काहीशे व्होल्टचाच आहे, इलेक्ट्रॉन कशाला सुटतील" हे म्हणणं चालत नाही. आर्गॉनच्या अशा मंद बीममध्येही स्वच्छ पृष्ठभागावर दहा टक्क्यांची चूक आयतीच बसलेली असते. बहुभारित आयनांत साठलेली स्थितिज ऊर्जा फार मोठी असल्याने तिथे हा मार्ग कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन काढतो.

दुसरा मार्ग गतिज ऊर्जेचा. वेगवान आयन घन पदार्थातून जाताना इलेक्ट्रॉनांना ऊर्जा देत जातो. पृष्ठभागाजवळच्या थरात जेवढी ऊर्जा सांडते, साधारण त्याच प्रमाणात इलेक्ट्रॉन बाहेर येतात. प्रोटॉनांसाठी हे उत्सर्जन १०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास कमाल असतं आणि स्वच्छ धातूवर गॅमा १ ते २ च्या घरात जातो. जड आयनांसाठी त्याहून बराच वर जाऊ शकतो.

खरी गोम पुढे आहे. बाहेर पडणाऱ्या बहुतेक इलेक्ट्रॉनांची ऊर्जा काही इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढीच असते आणि धातूत ते वरच्या एक-दोन नॅनोमीटरमधूनच बाहेर पडू शकतात. आयन भले मायक्रॉनभर खोल जावो, गॅमा ठरतो तो या पातळ सालीत. आणि तिथे क्वचितच शुद्ध धातू असतो. ऑक्साइड असतं, पाण्याचे रेणू असतात, पंपाच्या तेलातून आलेला कार्बन असतो. ऑक्साइडसारख्या विद्युतरोधक थरातून इलेक्ट्रॉन जास्त खोलीवरूनही बाहेर येऊ शकतात, म्हणून गंजलेल्या ॲल्युमिनियमचा गॅमा स्वच्छ ॲल्युमिनियमच्या काही पट असतो.

"बीम आपोआप पृष्ठभाग स्वच्छ करतो की" असं यावर हमखास म्हटलं जातं. आकडे मांडून पाहा. दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोअँपिअर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.२ लाख कोटी आयन. एका अणुथरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १,००० लाख कोटी अणू असतात. एका आयनामागे एक अणू उडतो असं धरलं तरी एक थर खरवडायला सुमारे १६० सेकंद लागतात. दुसरीकडे चेंबरमधला दाब टॉरच्या (दाबाच्या एककाच्या) दशलक्षांशाइतका असेल आणि आदळणारा प्रत्येक रेणू चिकटत असेल, तर एक थर बसायला एखाद-दोन सेकंद पुरतात. सगळेच रेणू चिकटत नाहीत हे खरं, पण या शर्यतीत कोण पुढे आहे ते स्पष्ट दिसतं. बीमखाली खरवड आणि चिकटण यांचा समतोल साधला जातो. दाब, बीमची घनता, नमुन्याचं तापमान यांतलं काहीही हललं की समतोल सरकतो आणि त्याच्याबरोबर गॅमाही. सकाळ-दुपारचा फरक हाच. दाब टॉरच्या अब्जांशापर्यंत नेला तर थर बसायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. रोजच्या बीमलाइनवर तेवढा दाब सहसा नसतो.

आधी निदान

बीम बंद ठेवून सुरुवात करा. टार्गेटवर बायस (जमिनीच्या तुलनेत ठरावीक व्होल्टेज) लावून मीटर वाचा. आकडा शून्य नसेल तर ती गळती आहे आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत पुढचं काहीच विश्वासाचं नाही. १०० व्होल्टला १० गिगाओहमचा इन्सुलेटर १० नॅनोअँपिअर गळू देतो. मायक्रोअँपिअरच्या बीमला याने फरक पडत नाही, पण २० नॅनोअँपिअरच्या बीमवर ही निम्मी चूक आहे. इन्सुलेटरवर उडालेल्या धातूचा थर चढला असेल तर रोध यापेक्षा कितीतरी खाली गेलेला असतो.

पाण्याने थंड होणाऱ्या टार्गेटची गळती नेहमी शेवटी लक्षात येते, म्हणून ती इथेच मांडतो. पाण्याची रोधकता १ मेगाओहम-सेंटिमीटर असेल आणि नळीचा आतला व्यास ६ मिलिमीटर, लांबी १ मीटर असेल, तर त्या पाण्याच्या स्तंभाचा रोध सुमारे ३५ कोटी ओहम भरतो. १०० व्होल्टला ०.३ मायक्रोअँपिअर. आत जाणारी आणि बाहेर येणारी अशा दोन नळ्या, म्हणजे त्याच्या दुप्पट. पाण्याची शुद्धता दिवसभरात घसरली की गळतीही वाढत जाते आणि तो सरकणारा आकडा अगदी बीमच सरकल्यासारखा वाटतो.

गळती नाही हे पक्कं झालं की स्थिर बीम टार्गेटवर आणा आणि टार्गेटचा धन बायस शून्यापासून १५० व्होल्टपर्यंत दहा-दहा व्होल्टने वाढवत करंट लिहून काढा. या आलेखातून जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कुठल्याही एका चाचणीतून कळत नाही.

करंट सुरुवातीला झपाट्याने उतरला आणि साधारण ५० ते १०० व्होल्टच्या दरम्यान सपाट झाला, तर दोष दुय्यम इलेक्ट्रॉनांचा. शून्य व्होल्टचा करंट भागिले सपाट भागातला करंट, यातून तुमच्या मांडणीत त्या क्षणी इलेक्ट्रॉनांमुळे किती पट फुगवटा येतो तेही मिळतं. करंट बायसबरोबर सरळ रेषेत उतरत गेला, तर गळती अजून शिल्लक आहे. बीम बंद असताना गळती शून्य असूनही करंट उतरतच राहिला आणि सपाटी आलीच नाही, तर टार्गेट परके इलेक्ट्रॉन ओढून घेतंय: बीमच्या वाटेतल्या छिद्राच्या कडेवर आदळणारे आयन तिथून इलेक्ट्रॉन सोडतात आणि धन बायस त्यांना आमंत्रणच देतो. हा तिसरा प्रकार फसवा आहे. आकडा कमी झाला म्हणून सगळे खूश होतात आणि प्रत्यक्षात डोस ठरवल्यापेक्षा जास्त पडतो.

म्हणून नुसता धन बायस हे मी निदानाचं साधन मानतो. कायमचा उपाय म्हणून तो तेव्हाच चालतो, जेव्हा टार्गेटसमोर इलेक्ट्रॉनांचा दुसरा कुठलाही उगम दिसत नाही. बायस कोरड्या बॅटऱ्यांच्या डबीतून दिला असेल तर त्या बॅटऱ्या आधी मल्टिमीटरने तपासा. उतरलेली बॅटरी हे या तक्रारीचं फार साधं आणि फार वेळा सापडणारं कारण आहे.

कप दुरुस्त करताना

चांगल्या फॅरेडे कपात क्रम ठरलेला असतो. सर्वांत पुढे बीमचा आकार ठरवणारं, जमिनीला जोडलेलं छिद्र. त्यामागे ऋण व्होल्टेजवरचा सप्रेसर, त्याचं भोक पुढच्या छिद्रापेक्षा मोठं. मग खोल कप. सप्रेसरची दोन कामं आहेत: कपातले इलेक्ट्रॉन परत कपात ढकलणं आणि पुढच्या छिद्राच्या कडेवरून सुटलेल्यांना आत येऊ न देणं.

सप्रेसरची तार तुटलेली असू शकते, आणि वीजपुरवठ्याच्या पॅनेलवर मात्र व्होल्टेज व्यवस्थित दिसत राहतं. खात्री करायची सोपी रीत: बीम चालू ठेवून सप्रेसर शून्यावर आणा. कपाचा करंट वाढला पाहिजे. काहीच बदललं नाही तर एक तर कप इतका खोल आहे की सप्रेसरची गरजच नाही, किंवा व्होल्टेज तिथवर पोचत नाहीये. दुसरी शक्यता जास्त, म्हणून व्हेंट केल्यावर (चेंबरमध्ये हवा सोडून उघडल्यावर) सप्रेसरच्या कडीवरच मल्टिमीटर टेकवून पाहा.

सप्रेसरच्या पुरवठ्यातून किती करंट जातोय तेही वाचा. बीम चालू असताना तो लक्षणीय असेल तर बीम सप्रेसरवर घासतोय. तिथे सुटलेले इलेक्ट्रॉन ऋण व्होल्टेजमुळे सरळ कपात ढकलले जातात आणि कपाचा करंट खऱ्यापेक्षा कमी दिसतो. उपाय व्होल्टेजमध्ये नाही, बीमच्या रेषेत आहे.

व्होल्टेज किती, या प्रश्नाचं उत्तर कडीच्या आकारावर ठरतं. कडीवर −१०० व्होल्ट असले तरी भोकाच्या मध्यावर तेवढे नसतात. कडी पातळ आणि भोक मोठं असेल तर मध्यावरचा अडथळा बराच खाली येतो आणि बीमच्या अक्षाजवळचे इलेक्ट्रॉन निसटतात. कडीची लांबी निदान भोकाच्या व्यासाएवढी ठेवा, आणि −५०० व्होल्टपर्यंत हळूहळू वाढवत कपाचा करंट पाहा. जिथे सपाटी सुरू होते त्याच्या थोडं पुढे थांबा. पुस्तकातला आकडा घेऊ नका, तुमच्या कपाची सपाटी घ्या.

खोलीचं महत्त्व लोक कमी लेखतात. तळाच्या मध्यातून इलेक्ट्रॉन कोज्या नियमाने उडतात असं धरलं, तर खोली तोंडाच्या व्यासाएवढी असताना तब्बल २० टक्के थेट तोंडातून बाहेर पडतात. खोली व्यासाच्या पाचपट केली की ते प्रमाण १ टक्क्यावर येतं, तेही कुठलंही व्होल्टेज न लावता. उथळ कप आणि मोठं व्होल्टेज यापेक्षा खोल कप आणि माफक व्होल्टेज मला केव्हाही जास्त भरवशाचं वाटतं, कारण भूमितीची तार तुटत नाही.

चुंबकाचा पर्यायही उत्तम. १०० गॉसच्या क्षेत्रात १० इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन १ मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ घेतो, ५० चा सुमारे अडीच मिलिमीटरचं. म्हणजे तोंडाजवळ दोन छोटे कायम चुंबक लावले तरी बहुतेक इलेक्ट्रॉन कपाच्या भिंतीतच संपतात. १ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनला त्याच क्षेत्रात १४ मीटरहून मोठी त्रिज्या असते, त्यामुळे बीम हलत नाही. ही युक्ती फार जुनी आहे. रेडियममधून निघणाऱ्या अल्फा कणांचा धन भार मोजताना अर्नेस्ट रदरफोर्ड यांना आधी तो भार दिसतच नव्हता, कारण धातूतून सुटणारे मंद इलेक्ट्रॉन हिशोब बिघडवत होते. १९०५ मध्ये त्यांनी जोरदार चुंबकीय क्षेत्र लावून त्या इलेक्ट्रॉनांना मागे वळवलं, तेव्हा अल्फाचा धन भार उघड झाला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा तो उपाय आजही तसाच लागू पडतो, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

एक मर्यादा लक्षात ठेवा. समोरासमोरच्या टकरीत आयन इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त किती ऊर्जा देऊ शकतो, ते वस्तुमानांच्या गुणोत्तरावर ठरतं. १ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टच्या प्रोटॉनसाठी ती सुमारे २.२ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट येते. एवढ्या वेगाचा इलेक्ट्रॉन −३०० व्होल्टला जुमानत नाही. असे इलेक्ट्रॉन थोडे असतात आणि त्यांचा कल पुढच्या दिशेला असतो, म्हणून जाड टार्गेटवर फारसा त्रास होत नाही. पण बीमच्या वाटेत पातळ पत्रा असेल तर त्यातून पुढे फेकले गेलेले हे वेगवान इलेक्ट्रॉन कपात शिरून करंट कमी दाखवतात. तिथे चुंबकच लागतो.

नमुन्यावरच मोजावं लागत असेल तर

काही प्रयोगांत कप लावायला जागाच नसते. नमुना गोनिओमीटरवर (हव्या त्या कोनात फिरवणाऱ्या धारकावर) असतो आणि करंट त्याच्यावरूनच घ्यावा लागतो. इथे तीन गोष्टी आकडा हलवतात आणि तिन्हींचा बीमशी संबंध नसतो.

कोन ही पहिली. नमुना कलला की आयनाचा वरच्या सालीतला मार्ग लांबतो आणि गॅमा साधारण कोनाच्या कोज्येच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. ६० अंशांवर जवळजवळ दुप्पट. दुसरी स्फटिकाची दिशा. एकस्फटिकी नमुना चॅनेलिंगच्या दिशेला, म्हणजे अणूंच्या रांगांमधली मोकळी वाट बीमच्या रेषेत येईल असा, आला की आयन अणूंच्या रांगांपासून दूर राहतात आणि इलेक्ट्रॉन कमी सुटतात. करंट खाली येतो आणि बीम घसरल्याचा भास होतो. अशा वेळी बीमची स्थिरता शोधत बसण्याऐवजी नमुना एखाद-दोन अंश फिरवून पाहा. तिसरी गोष्ट आयनाची जात: हायड्रोजनचा रेण्वीय आयन म्हणजे एका भारावर दोन प्रोटॉन, तेव्हा त्याच वेगाच्या एका प्रोटॉनच्या जवळपास दुप्पट इलेक्ट्रॉन सुटतात.

रदरफोर्ड बॅकस्कॅटरिंग (नमुन्यावरून मागे उसळणारे आयन मोजून त्यातले घटक ओळखण्याची पद्धत) करणाऱ्यांना यातली चूक पुष्कळदा उशिरा कळते, कारण घटकांचं परस्पर प्रमाण चुकलेल्या करंटनेही बरोबर येतं. फक्त दर चौरस सेंटिमीटरमागे अणूंची निरपेक्ष संख्या चुकते. त्यावर दोन खात्रीचे मार्ग आहेत. एक, संपूर्ण चेंबर जमिनीपासून अलग करून तोच मोठा कप म्हणून वापरायचा. नमुन्यावरून सुटलेला इलेक्ट्रॉन भिंतीवर गेला तरी हिशोबाबाहेर जात नाही. दुसरा, बीमच्या वाटेत सोन्याचा थर दिलेली फिरती पट्टी ठेवून तिच्यावरून परतणारे आयन वेगळ्या डिटेक्टरने मोजायचे. मग नमुन्याच्या गॅमाशी काही देणंघेणंच उरत नाही. मला दुसरा मार्ग जास्त पटतो, कारण तो विद्युतरोधक नमुन्यांवरही चालतो.

विद्युतरोधक नमुने हे वेगळंच प्रकरण आहे. आत येणारा धन भार आणि बाहेर जाणारे इलेक्ट्रॉन, दोन्हींमुळे पृष्ठभाग धन होत जातो आणि त्याचं विभव किलोव्होल्टांपर्यंत चढू शकतं. मग ठिणगी पडते, विभव कोसळतं, पुन्हा चढू लागतं. मीटरवर करंट दातेरी दिसला, किंवा अंधारात नमुन्यावर लुकलुक दिसली, तर हेच चालू आहे. काही नॅनोमीटर कार्बनचा थर, कडेने पृष्ठभागापर्यंत आणलेली तांब्याची चिकटपट्टी, किंवा जवळच्या तापलेल्या फिलामेंटमधून सोडलेले मंद इलेक्ट्रॉन, यांपैकी एकाने काम होतं. पण फिलामेंट वापरलं तर नमुन्यावरचा करंट वाचायचा विचार सोडून द्या.

इलेक्ट्रॉन आवरले, तरी डोस जुळत नाही

सप्रेसर ठीक, गळती नाही, सपाटी स्वच्छ, आणि तरी डोस ठरवल्यापेक्षा जास्त भरत असेल, तर बीमलाइनमधला दाब पाहा. उरलेल्या वायूतून जाताना काही आयन इलेक्ट्रॉन पकडून उदासीन होतात. ते नमुन्यात रुततात, म्हणजे डोसमध्ये मोजले जातात, पण भार आणत नाहीत. आवर नसलेल्या टार्गेटवर हेच उदासीन अणू इलेक्ट्रॉन सोडून खोटा धन करंट दाखवतात. आवर नीट असेल तर ते मीटरला दिसतच नाहीत. टार्गेटच्या अलीकडे विक्षेपक पट्ट्या असतील तर बीम बाजूला वळवा. आयन वळतील, उदासीन अणू सरळच जातील. सप्रेसर बंद करून त्या जागी काही करंट उरला तर त्यांचं अस्तित्व सिद्ध झालं. उपाय म्हणजे दाब उतरवणं, आणि शेवटच्या टप्प्यात बीमला थोडा बाक देऊन उदासीन अणू वाटेतच बाजूला काढणं.

पृष्ठभागावरून धन आयन म्हणूनच परत उसळणारे कण ऋण सप्रेसर अडवू शकत नाही. त्यांचं प्रमाण सहसा छोटं असतं, पण हलका आयन, जड टार्गेट आणि उथळ कप असं जुळून आलं तर तेही हिशोबात धरा. खोल कपाच्या बाजूने हे आणखी एक कारण.

सगळं झाल्यावर एकदा करंटशी संबंध नसलेली तपासणी करा. सिलिकॉनमध्ये ठरावीक मात्रेत बिस्मथ रोवलेला प्रमाणित नमुना बॅकस्कॅटरिंगने मोजा आणि बिस्मथची ज्ञात संख्या तुमच्या करंटच्या बेरजेतून निघते का ते पाहा. हा आकडा, त्या वेळचा दाब, सप्रेसरचं व्होल्टेज आणि सप्रेसर शून्यावर आणल्यावर करंट किती पटीने वाढतो ते गुणोत्तर, हे चार आकडे दर वेळी वहीत एकाच ओळीत लिहा. गुणोत्तर हळूहळू वाढत गेलं तर कपाचा तळ मळतोय, एकदम १ वर आलं तर सप्रेसरची तार आधी तपासा.